लेकीबरोबर एकट्या आईची कादंबरी कशी वाचावी

माझ्या घटस्फोटाला आठ वर्षं झाली, लेक आता तेरा वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून एकट्या आईची नि तिच्या मुलीची एक कादंबरी आणली. दोघींनी मोठ्यानं वाचली. तुम्हीही वाचणार असाल तर आधी एकटीनं पूर्ण वाचून काढा. आपला गळा कुठे दाटतो ते आधीच कळलेलं बरं.

रात्री जेवणं झाल्यावर दहा-बारा पानं पुरेत. आईचे संवाद लेकीला द्या, मुलीचे तुम्ही घ्या. ही अदलाबदल टाळू नका. 'बाबांची पत्रं मला का दाखवली नाहीस?' हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. मी घाईनं पान उलटायला गेले, तर लेकीनं पुस्तकावर हात ठेवला. "आई, परत वाच." वाचलं. "आपल्याकडे आहेत अशी पत्रं?" पत्रं नव्हती, तिच्या वाढदिवसाला आलेले दोन मेसेज होते. फोन आणून तिच्या हातात दिला. अशा वेळी समजावत बसू नका. त्या रात्री पुस्तक मिटून ठेवा.

आपल्या गावाची गोष्टही सांगा. बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला, देशभराचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. हे ऐकून लेक पणजीचं तेव्हाचं वय मोजत बसली.

पैशाची पानं मात्र सावकाश वाचा. कादंबरीतली आई नोकरी सोडते, तिथे थांबून विचारा: घर कुणाच्या नावावर? मुलीला दुपारी कोण बघतं? आम्ही वहीत दोन रकाने आखले. एक कादंबरीतल्या आईचा, एक माझा. माझ्या रकान्यात दांडिया बाजारातलं माझ्या आईचं घर, भाडं नाही, दुपारी आजी, बँकेतली नोकरी. लेकीनं आपणहून तिसरा रकाना आखला, पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा. त्याही एकट्याच मुलगी वाढवतात. घरापुढे रेघ, आजीपुढे रेघ. दुपारच्या ओळीवर पेन थांबलं. "त्यांची मुलगी कुठे असते गं?"

मावशी सहा वर्षं येतायत. मला सांगता आलं नाही.

सकाळी त्या आल्या तेव्हा पहिल्यांदा कणकेची परात बाजूला ठेवून त्यांना बसवलं, चहा केला आणि विचारलं.