बँकॉकला राहायला जाताय? आधी आकडे शिका

माझी पुतणी जूनमध्ये नोकरीसाठी बँकॉकला चालली आहे. मागच्या रविवारी सगळे आमच्याकडे नौपाड्यात जेवायला होते, तेव्हा जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुम्ही चार वर्षं काढलीत तिथे. कुणी फसवलं तर काय करायचं, ते हिला नीट सांगा ना." दुपारभर बोलत बसलो. निघताना पुतणी म्हणाली, "काकू, हे लिहून काढ. माझ्याबरोबर अजून दोघी चालल्यात." म्हणून हे लिहिते आहे.

ह्यांच्या बदलीमुळे २०१० ते २०१४ आम्ही बँकॉकला होतो, सुखुमवित रस्त्यावर ओन नुट स्टेशनच्या मागे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत मी कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव करते. स्टेशनपासून रिक्षात बसले तर आधी मीटरकडे बघते. तीच मी बँकॉकमध्ये पहिले दोन महिने नोट पुढे करायचे आणि हातात येतील ते सुटे पैसे मुकाट्याने पर्समध्ये टाकायचे. अक्कल ठाण्याला ठेवून गेले नव्हते, पण तोंडात शब्दच नव्हते. छोट्या फसवणुकीचं सगळं भांडवल आपलं हे गप्प बसणं असतं. भाषा येत नाही म्हणून आधी गप्प आणि लाज वाटते म्हणून नंतर गप्प. मी पुतणीला जे जे सांगितलं ते सगळं ह्या दोन गप्प बसण्यांवरचंच आहे.

तर सगळ्यात आधी आकडे. ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ नंतर शिकलात तरी चालेल. नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. शंभराला रॉय, हजाराला फान. ‘केवढ्याला’ म्हणजे थाव राय, ‘नको’ म्हणजे माय आव. बायकांनी वाक्याच्या शेवटी ‘खा’ लावायचं, पुरुषांनी ‘ख्राप’, म्हणजे बोलणं अदबीचं होतं. थाईमध्ये क आणि ख, प आणि फ, त आणि थ वेगळे आहेत, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे फार अडचण होते, आपली होत नाही. सुरांची चढउतार कठीण आहे, पण आकड्यांपुरतं लोक समजून घेतात.

आकडे आले की एक सवय लावायची. मोठी नोट देताना ती मोठ्याने म्हणायची. हजाराची नोट दिली तर "नुंग फान, खा" म्हणायचं आणि मगच हात सोडायचा. एकदा फळवालीने मला हजाराच्या नोटेवर पाचशेच्या हिशेबाने सुटे दिले होते आणि "पाचशेच दिलेस" म्हणाली होती. ते मला शेवटपर्यंत शाबीत करता आलं नाही. नोट मोठ्याने म्हणायला लागल्यापासून मात्र असं पुन्हा झालं नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला जड जाते. आवाज चढवायचा नाही. मंडईत आपण आवाज वाढवला की आजूबाजूचे दोघेजण आपल्या बाजूने बोलायला लागतात. तिथे उलट होतं. जो चिडतो त्याचीच चूक, असं बघणाऱ्यांना वाटतं, आणि समोरच्याला माघार घ्यायची असली तरी चारचौघांत त्याला ती घेता येत नाही. हसून, हळू आवाजात, तेच वाक्य तीनदा म्हणायचं. मला हे जमायला वर्ष लागलं.

आता टॅक्सी. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, ऐकून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. बाहेर पडताना आतच कुणी "टॅक्सी, मॅडम?" विचारत आला तर न थांबता पुढे चालायचं. खालच्या मजल्यावर टॅक्सीची अधिकृत रांग आहे, तिथे चिठ्ठी मिळते. चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची, ड्रायव्हरने मागितली तरी. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. विमानतळाचे ५० बाथ (बाथ हे तिथलं चलन) मीटरवर जास्तीचे असतात आणि एक्स्प्रेसवेचा टोल प्रवाशाने द्यायचा असतो. ह्या दोन्हींत लबाडी नाही, त्यावरून भांडू नका. शहरात मात्र, हॉटेलसमोर किंवा मॉलसमोर उभी असलेली टॅक्सी टाळा. चालती टॅक्सी हात करून थांबवा, दार उघडून "मीटर, खा?" विचारा. त्याने तोंडी आकडा सांगितला तर दार लावून पुढची बघा. बँकॉकमध्ये टॅक्सीला तोटा नाही. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला गाडीचा नंबर असतो, बसल्या बसल्या त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवायचा. तक्रारीसाठी वाहतूक खात्याचा नंबर १५८४. आता ग्रॅबचं अॅप असल्यामुळे पुतणीला हा ताप कमी होईल, पण पावसात अॅपवर गाडी मिळत नाही तेव्हा हे सगळं आठवावं लागेल. गल्लीतून स्टेशनपर्यंत नारिंगी जाकीटवाले मोटारसायकलवाले नेतात. त्यांच्या थांब्यावर दराचा फलक असतो. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याकडून तो वाचून घ्या.

राहायला जाणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे घरात जातात आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर. आमच्या पहिल्या घराचं भाडं बेताचं वाटलं म्हणून आम्ही लगेच सही केली. करारात विजेचा दर युनिटला ८ बाथ लिहिला होता, आम्ही त्याकडे बघितलंही नाही. सरकारी दर साधारण त्याच्या निम्मा होता. एसीचं शहर, दर महिन्याला दुप्पट बिल, वर्षभर. सही करण्याआधी इतकंच विचारायचं: विजेचं बिल महानगर वीज प्राधिकरणाकडून थेट येतं, की इमारतीचं ऑफिस स्वतःच्या दराने लावतं? पाण्याचंही तेच.

दुसऱ्या घरात आम्ही शहाणे झालो होतो. किल्ली हातात आली त्या दिवशी प्रत्येक भिंत, गादी, गॅसची शेगडी, नळ, पडदे, एसीचा रिमोट, सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला ईमेलने पाठवले. "आज घर ह्या स्थितीत ताब्यात घेतलं" एवढंच वाक्य. दोन वर्षांनी घर सोडताना गादीवरच्या डागासाठी त्याने डिपॉझिटमधून ६,००० बाथ कापायला काढले. मी तोच ईमेल उघडून दाखवला. डाग पहिल्या दिवशीच्या फोटोत होता. तो हसला, मीही हसले, आणि दोन महिन्यांचं पूर्ण डिपॉझिट मिळालं. रिकामं घर घेण्याआधी स्वतः आत जाऊन उभं राहिल्याशिवाय एकही बाथ पाठवायचा नाही, हे पुतणीकडून मी कबूल करून घेतलं आहे. "मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं ज्याने म्हटलं, त्याच्याकडे घरच नसतं.

आता वन्संची गोष्ट. त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. २०१२ च्या जानेवारीत वन्सं आणि त्यांचे यजमान आठ दिवस आमच्याकडे आले होते. मला ताप होता म्हणून राजवाडा बघायला दोघंच गेले. भिंतीच्या कडेला एक नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस भेटला. म्हणाला, आज बौद्धांचा सण आहे, राजवाडा एक वाजता उघडेल. तोवर टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, दोनचार देवळं बघून या, माझ्या ओळखीचा आहे, २० बाथच घेईल. पहिल्या देवळात सामसूम, तिथे एक गृहस्थ आधीच बसलेले. गप्पा मारता मारता म्हणाले, आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे, कर माफ, मी स्वतः दरवर्षी घेऊन परदेशात विकतो. मग टुकटुक दुकानापाशी. वन्संना नीलम कुणीतरी सांगितलेला होता, त्यामुळे मन आधीच तिकडे ओढ घेत होतं. कार्डावर १८,००० बाथ. बाथ तेव्हा दीड रुपयाच्या थोडा वर होता.

ह्यातली कला अशी की तीन अनोळखी माणसं, एकमेकांशी संबंध नसलेली, तुम्हाला एकच गोष्ट सांगतात. मग ती खरीच वाटते. टुकटुकवाल्याला दुकानाकडून कमिशन किंवा पेट्रोलचं कुपन मिळतं, म्हणून तो २० बाथमध्ये तीन तास फिरवतो. राजवाडा एरवी रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो. आज बंद आहे की नाही, हे तिकीटखिडकीपाशी जाऊन स्वतः बघायचं, भिंतीपाशी उभ्या असलेल्या कुणाकडूनही ऐकायचं नाही. दुकानदार खडा पोस्टाने भारतात पाठवतो म्हणायला लागला तर समजा, तुम्ही देश सोडेपर्यंत तो कुणाला दाखवू नये अशी त्याची इच्छा आहे.

वन्संनी हे मला दोन दिवस सांगितलं नाही. "तू काय म्हणशील, असं वाटलं," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी रात्री साडीच्या घडीतून डबी काढून माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान. सकाळी मी ११५५ लावला, हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, ते इंग्रजी बोलतात. पावती, डबी, पासपोर्ट घेऊन गेलो. कुणी आरडाओरडा केला नाही. पोलिसांनी दुकानात फोन केला, आम्ही तीन तास बसलो, आणि सत्तर टक्के रक्कम कार्डावर परत आली. दोन दिवस आधी कळलं असतं तर माझी खात्री आहे, मी पूर्ण रकमेसाठी बसून राहिले असते. म्हणून पुतणीला मी बजावलं आहे: फसलीस तर त्याच दिवशी फोन करायचा, मला किंवा आईला. रागावणार नाही, हे आम्ही दोघींनी तिला आत्ताच सांगून ठेवलं.

मनाला सगळ्यात लागतो तो आपल्या भाषेतला फसवणारा. सुखुमवितला मागून कुणी हिंदीत हाक मारतो, "दीदी, आपका चेहरा बहुत लकी है." थांबलात की हातात कागदाची घडी घालून मनातलं फूल ओळखून दाखवतो, मग घरातल्या आजारपणाबद्दल बोलतो, मग पूजेचे पैसे. दुसरा प्रकार म्हणजे पाकीट चोरीला गेलेला भारतीय मुलगा, विमानतळापर्यंत जायला भाडं मागणारा. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की जीव सुखावतो. ह्यात भोळेपणा नाही, घरची आठवण आहे. अशा मुलाला पैसे देऊ नका, त्याला भारतीय दूतावासाचा पत्ता द्या आणि हवं तर सोबत टॅक्सीपर्यंत चला. खरोखर अडलेला असेल तर तो जातो. मी दोघांना असा पत्ता दिला होता, त्यातला एक खरंच गेला आणि त्याने आठवड्याने फोन करून आभार मानले.

बाकीचं थोडक्यात. सुपरमार्केटमध्ये एखादं जोडपं "भारताच्या नोटा कशा असतात, दाखवाल?" म्हणालं तर पर्स उघडू नका, बोटांच्या चलाखीने नोटा जातात. स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट कधीच तारण ठेवायचा नाही, झेरॉक्स आणि रोख अनामत द्या. पट्टायाला जेटस्की घेतलीच तर आधी तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर जुना ओरखडा तुमच्या नावावर चढतो. मी तर म्हणेन, घेऊच नका. भारतीय कार्ड एटीएममध्ये घातल्यावर ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर वाईट असतो. दूतावासातून बोलतो असं सांगून पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरच्या नंबरावर स्वतः लावा.

एक गोष्ट छोटी नाही, पण सुरुवात छोटीच असते. पुतणीच्या ऑफरचे कागद आम्ही तीनदा तपासले, कारण थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली मुलांना माए सोत ह्या थायलंडच्या सीमेवरच्या गावाहून नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेतात आणि तिथे दुसऱ्यांना फसवायच्या कामाला जुंपतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानाने परत आणावं लागलं. "आत्ता पर्यटक म्हणून ये, वर्क परमिट नंतर करू" असं कंपनी म्हणाली तर तिथेच थांबा. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, तो इथूनच घेऊन जायचा. पुतणीचा आला आहे.

तिच्या पाकिटात आता एक जाड कागद आहे. एका बाजूला ११५५, १५८४, दूतावास, ऑफिसमधल्या एका बाईंचा नंबर, आणि घराचा पत्ता थाई लिपीत. दुसऱ्या बाजूला देवनागरीत आकडे. ती रोज सकाळी ठाण्याहून लोकलमध्ये चढली की घाटकोपर येईपर्यंत ते मनात म्हणते. काल रात्री फोनवर शंभरापर्यंत म्हणून दाखवले. सगळे बरोबर होते, फक्त वीसला ती ‘सोंग सिप’ म्हणाली. वीसला ‘यी सिप’ म्हणतात.