आडवा कंस टिपायचा तर: दुपारच्या खळ्याच्या फोटोची तयारी

सगळ्यात आधी एक मीटर लांबीची सरळ काठी हवी, कॅमेरा नंतर. खळ्यांच्या, म्हणजे ढगातल्या बर्फामुळे सूर्याच्या आसपास दिसणाऱ्या कडी-कंसांच्या, कुटुंबातला सर्कमहोरायझॉन्टल आर्क, आपण आडवा कंस म्हणू, सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांच्या वर असेल तरच उमटतो. गच्चीत काठी उभी धरा. सावली ६२ सेंटीमीटरपेक्षा आखूड झाली की वेळ सुरू झाली. ती चाळिसेक सेंटीमीटरवर येते तेव्हा सूर्य ६८ अंशांवर असतो आणि कंस सर्वांत ठळक दिसू शकतो. लंडनमध्ये ही संधी उन्हाळ्यातल्या थोड्याच दुपारी मिळते, कोपनहेगनच्या उत्तरेला कधीच नाही. पुण्यात मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सूर्य रोज तेवढा चढतो. दुर्मीळ खळ्यांसाठी फिनलंडची थंडी सोसायची हौस असेल तर जरूर जावं, पण हा कंस तिथे मिळणार नाही.

ढग पातळ, दुधी हवा: खूप उंचावरच्या बर्फकणांच्या ढगांपैकी सिरोस्ट्रेटस किंवा सिरसचे पुंजके. मे महिन्यात आदल्या संध्याकाळच्या वळवाच्या ढगांचे पसरलेले माथे सकाळी उरलेले असले तर गच्ची सोडू नये. सकाळी हवामान खात्याची इन्सॅट उपग्रहाची चित्रं पाहून ठेवावीत. पावसाळी ढग खाली दाटले की विषय संपला. मग उघडिपीची वाट बघायची.

कुठे बघायचं? हात ताणून वीत धरली की ती अंदाजे २२ अंश भरते. सूर्यापासून एका वितीवर नेहमीचं गोल खळं, दोन वितींहून जरा खाली आपला कंस, क्षितिजाला समांतर, तांबडा रंग वर. सूर्याजवळच्या ढगावर रंगांचे वेडेवाकडे डाग दिसले तर ते वेगळं प्रकरण. कंसाचे रंग कमालीचे स्वच्छ असतात, कारण ढगातल्या षटकोनी बर्फचकत्या आडव्या तरंगतात, किरण उभ्या बाजूतून शिरून तळातून बाहेर पडतो आणि चकती ९० अंशांच्या लोलकाचं काम करते.

लेन्स २४ मिलिमीटरची पुरते, कारण सूर्य फ्रेमबाहेर ठेवता येतो. तरी सूर्यासकट एक फ्रेम हवीच, नाहीतर कंस कुठे होता हे सिद्ध करता येत नाही. त्यासाठी १६ मिलिमीटर किंवा मोबाइलची अल्ट्रावाइड, आणि सूर्य झाकायला पाण्याच्या टाकीची कड. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीच बघू नका, स्क्रीन वापरा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, त्याच्या प्रतिबिंबांतून खोटे कंस तयार होतात. रॉ फाईल, आयएसओ १००, एफ ८, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, एक्स्पोजर एक स्टॉप कमी. मोबाइल उन्हात तापून कॅमेरा बंद करतो, म्हणून छत्री जवळ असू द्या.

कंस फिकट असेल तर दर वीस सेकंदांनी एक असे पाच मिनिटं फोटो घ्यावेत. ते नंतर एकावर एक रचले की ढगांचे तपशील पुसले जातात आणि कंस वर येतो. पण या वेळात सूर्य सव्वा अंश सरकतो, तेव्हा रचताना फ्रेम सूर्याच्या जागेवरून जुळवायच्या. ती जागा फोटोच्या वेळेवरून काढता यावी म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या रात्रीच लावून ठेवा.