पेन्शनवर आल्यावर नगररचनेत जायचं असेल तर: सातारा-सांगलीच्या माजी सैनिकांसाठी

अपशिंगे मिलिटरी असो की मिरजेच्या पूर्वभागातलं एखादं गाव, सतरा वर्षं नोकरी करून छत्तिशीत पेन्शनवर आलेल्या माणसापुढे वाटा ठरलेल्या असतात: बँकेत गार्ड, तलाठी भरती, नाहीतर घरची शेती. नगररचना विभागाचं नाव त्यात सहसा निघत नाही. खरं तर इंजिनिअर रेजिमेंट, तोफखाना किंवा सर्व्हेच्या ट्रेडमधल्या जवानाला नकाशा वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती पात्रतेच्या कागदावर.

वयाची धास्ती आधी काढून टाका. राज्याच्या भरतीत माजी सैनिकाला केलेली सेवा अधिक ३ वर्षं एवढी सूट मिळते. खुल्या वर्गाची मर्यादा ३८ धरली आणि सेवा १७ वर्षं असली, तर ३८ + १७ + ३ = ५८. म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत दार उघडं. गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षणही आहे. गट ब च्या जाहिरातीत मात्र माजी सैनिकांचा रकाना आहे का, ते पदसंख्येच्या तक्त्यात स्वतः बघा, गृहीत धरू नका.

सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात ते पदवीच्या प्रमाणपत्रामुळे. दहावी आणि १५ वर्षं सेवा असली की पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळतं आणि लोक तेच सगळीकडे जोडतात. ते फक्त जिथे साधी पदवी मागितली आहे तिथे चालतं. तांत्रिक अर्हता मागणाऱ्या पदाला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि नगररचनेतली कामाची पदं जवळजवळ सगळी तांत्रिक आहेत.

रचना सहायक हे पद गट ब अराजपत्रित. त्याला स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची तीन वर्षांची पदविका लागते. अनुरेखक हे गट क चं पद. तिथे आयटीआयचा दोन वर्षांचा आरेखक स्थापत्य ट्रेड उपयोगी पडतो, जोडीला ऑटोकॅड किंवा जीआयएसचं (संगणकावर नकाशे हाताळायची पद्धत) प्रमाणपत्र हवं. भूमी अभिलेख खात्यातला भूकरमापक हा या क्षेत्राचा सख्खा शेजारी: स्थापत्य पदविका, नाहीतर दहावी आणि आयटीआय सर्वेक्षक. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. सहायक नगर रचनाकार एमपीएससीतून भरतात, त्याला पदवीच लागते.

आमचं मत विचाराल तर आयटीआयवर थांबू नका. आयटीआय किंवा बारावी सायन्स असेल तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोनच वर्षं. कराड आणि मिरज, दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. पोराच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसायला पहिला महिना जड जातो, पुढे सवय होते. पत्रद्वारे पदविका देणाऱ्या दुकानांच्या नादी लागू नका. दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ ला लावला आहे. आणि तंत्रनिकेतनातला डिफेन्स कोटा मुख्यतः सैनिकांच्या मुलांसाठी असतो, तो आपल्यासाठी आहे असं समजून बसू नका.

नोकरीची दोन वर्षं शिल्लक असतील तर काम अजून सोपं. युनिटमध्ये असतानाच ड्राफ्ट्समन किंवा सर्व्हेचं ट्रेड प्रमाणपत्र नागरी नोंदीचं करून घ्या, पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्ससाठी नाव द्या, आणि डिस्चार्ज बुकात ट्रेडचं नाव, सेवेच्या तारखा, शिक्षण नीट चढलंय का ते बाहेर पडण्याआधी तपासा. नावात एका अक्षराचा फरक राहिला तर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात महिने जातात, आणि भरतीची मुदत कुणासाठी थांबत नाही. गावी आल्यावर पहिल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्या. तिथेच आणखी एक विचारून ठेवा: माजी सैनिक आरक्षणावर हाती लागेल ती पहिली नोकरी धरली, तर पुढे रचना सहायकाच्या वेळी तोच लाभ पुन्हा मिळेल का? बहुतेकांना हा प्रश्न फार उशिरा सुचतो.

शिकत असतानाच हात बसवायचा तो क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे, क्लासला हजारो रुपये मोजायची गरज नाही. आपल्या गावाचा गटनकाशा घ्या आणि त्यातल्या जिओरेफरन्सरने खऱ्या जमिनीवरच्या जागी बसवा. प्रोजेक्शन यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. सातारा आणि सांगली दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. ईपीएसजी ४३२६ वर, म्हणजे अक्षांश-रेखांशात काम केलंत तर एकक अंश राहतं. मग नाल्यापासून १० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) मागितला की १० अंशांचा मिळतो आणि अख्खा महाराष्ट्र त्यात बसतो.

नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या खुणा, किमान आठ घ्या आणि चारी बाजूंना पसरून घ्या. सगळे गावठाणाभोवती घेतले तर शिवेकडची बाजू वाकडी जाते. जुन्या न हललेल्या वस्तू निवडा: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, दगडी विहीर, देऊळ. रस्त्याचं वळण घेऊ नका, रुंदीकरणात ते सरकलेलं असतं. एखाद्या बिंदूची चूक ४० मीटर दाखवली तर लगेच पुसू नका, आधी जागेवर जाऊन बघा. मूळ नकाशा कापडाचा असेल तर तो आक्रसलेला असतो आणि आडवी-उभी चूक सारखी येत नाही.

फौजी माणसाला खरी नवी भाषा शिकावी लागते ती सातबाऱ्याची. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे साधारण १०१.१७. बोलताना दोन्ही एकच समजतात, नकाशावर मात्र तसं चालत नाही. पोटखराबा (गटातली लागवडीला न येणारी जमीन) वेगळा वाचायचा, फेरफार मागे जाऊन तपासायचा, आणि गटाची हद्द व प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक असतो हे धरूनच चालायचं. सांगलीत तर गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विनापरवाना उठलेल्या वसाहती, समजल्याशिवाय एक दिवसही निभणार नाही. त्यासाठी २००१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती वाचा.

मुख्य कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सगळा पाठ करत बसू नका. प्रारूप विकास योजना आणि हरकतींसाठी कलम २६, किरकोळ फेरबदलासाठी ३७, बांधकाम परवानगीसाठी ४४ आणि ४५, अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीसाठी ५३, जमिनीवरचं आरक्षण व्यपगत होण्यासाठी (आपोआप उठण्यासाठी) १२७ एवढी आधी पक्की करा. १२७ मध्ये आधी १० वर्षं, मग जमीनमालकाची खरेदी सूचना, त्यानंतर २४ महिने, हा क्रम लोक हमखास चुकवतात. बांधकामाचे नियम डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत.

सांगलीत काम करायचं तर पूररेषा समजलीच पाहिजे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. हे आकडे पुलाच्या पट्टीवरचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. पट्टीचा शून्य किती उंचीवर आहे ते कळल्याशिवाय त्यांची नकाशावरच्या समोच्च रेषांशी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सांगड घालता येत नाही. शिवाय नदीला उतार असतो, त्यामुळे त्याच पुराचं पाणी भिलवडीला जास्त उंचीवर आणि सांगलीत कमी उंचीवर असतं. एकच समोच्च रेषा उचलून तिला पूररेषा म्हणणारा नकाशा कुणी पुढे सरकवला तर त्यावर सही करू नका.

अधिकारी म्हणून बाहेर पडणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदवी असेल तर गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर द्या, त्यात भाग ब मध्ये प्लॅनिंगचा पर्याय निवडा, आणि नियोजनातली पदव्युत्तर पदवी करा.