हातमोजा आधी उजव्या अंगठ्याला का उसवतो
स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे मोजा आधी तिथेच झिजतो. नवी जोडी घेताना मी पहिल्यांदा अंगठाच उलटून बघतो: पोटावर चामड्याचा दुहेरी थर हवा आणि शिवण कडेला. शिवण नेमकी दाबाखाली आली की दोरा घासून तुटतो आणि मग पाणी आत शिरतं. हँडलला हीटर असेल तर तळहाताचं अस्तर पातळ, पाठीचं जाड. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरू द्यावी. घट्ट मोज्यात अस्तर दबतं, त्यातली हवा जाते आणि हात गारठतात. ओला मोजा गरम इंजिनावर टाकू नये, चामडं पापडासारखं कडक होतं. सुटं अस्तर काढून वेगळं वाळवावं, मग चामड्याला मेण चोळावं, शिवणींवर जरा जास्तच.