लेव्हलसाठी रेफरन्स: आधी प्रश्न, मग फोटो

गेमची लेव्हल, म्हणजे प्लेअर ज्यात फिरतो ती जागा, डिझाइन करायला शिकणारे बहुतेकजण रेफरन्ससाठी पिंटरेस्टवर 'जुना किल्ला' टाकतात आणि आवडेल ते सेव्ह करत सुटतात. संध्याकाळपर्यंत फोल्डर गच्च भरतं, पण लेव्हल कुठून सुरू करायची ते कळत नाही. लेव्हल ही चालायची जागा आहे. सुंदर फोटोत भिंत दिसते, भिंतीपर्यंतची वाट दिसत नाही.

म्हणून सर्च उघडायच्या आधी कागदावर प्रश्न लिहा. आत शिरल्यावर प्लेअरला पहिलं काय दिसतं? वाट कुठे अरुंद होते, आणि का? आडोसा कशाचा? बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का? एका लेव्हलला एवढे पुरतात. फोल्डरांना या प्रश्नांचीच नावं द्या. ज्या फोटोला कुठल्याच फोल्डरमध्ये जागा नाही, तो कितीही आवडला तरी सोडून द्या.

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घ्या. बुरुजांचे फोटो नेटवर ढिगानं आहेत, पण आपल्या कामाची आहे ती त्याची मांडणी: उत्तरेला बाहेरचा किल्ला, त्याच्या पलीकडे वेगळ्या तटाचा आतला किल्ला, आणि दोन्हींच्या मधे दरी. इंग्रज फौजेनं तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबर १८०३ ला हल्ला केला. फौज आत घुसली तर समोर दरी, आणि दरीपलीकडे पुन्हा तट. शेवटी एक लहान तुकडी शिड्या लावून तो तट चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. जिंकलो असं वाटल्यावर पुढे आलेला दुसरा अडथळा, आणि सरळ वाट बंद झाल्यावर शोधलेली वरची वाट. हे कुठल्याही बुरुजाच्या फोटोत सापडणार नाही. गूगल अर्थ उघडा, दृश्य तिरपं करून तो डोंगर चारही बाजूंनी फिरवून बघा, आणि सोबत अमरावती जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधलं किल्ल्याचं वर्णन वाचा. मग साध्या पेन्सिलीनं वरून दिसणारा नकाशा काढा. हा नकाशा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा रेफरन्स.

आता घराबाहेर पडा. मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. इथे डोंगर नाही, जंगल नाही, सपाट काळी वावरं आहेत. तरी इथे माणूस वाट चुकत नाही, कारण दुरून पाण्याची टाकी दिसते, देवळाचा कळस दिसतो, धुऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड दिसतं. ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे कुठेही फिरता येणाऱ्या मोकळ्या गेममध्ये, प्लेअरला बाण न दाखवता कसं न्यायचं, याचं उत्तर गावाच्या पांदण रस्त्यावर उभं राहून मिळतं. थोडं थोडं अंतर चालून दर वेळी समोरचा एक फोटो काढा. कुठली खूण कधी दिसते आणि कधी झाडाआड जाते, ते त्या ओळीनं लावलेल्या फोटोंत स्पष्ट कळतं.

सुट्या फोटोंपेक्षा अशी मालिका कितीतरी उपयोगाची. महिमापूरच्या पायविहिरीत मी वरच्या पायरीपासून खालपर्यंत असेच फोटो घेतले. वर डोळे दिपवणारं ऊन, खाली उतरत जाल तसा दगड काळाशार आणि गार, आभाळ लहान होत जाणारं. उजेड नेमका कुठल्या टप्प्यावर बदलतो ते त्या मालिकेत दिसतं, आणि लाइटिंग करताना तेवढंच लागतं.

पण विदर्भात राहून लेव्हल शिकायची असेल तर हंगामात एकदा जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जाच. मालकाला विचारून, मशीनपासून दूर राहून. फाटकाशी कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग, मग वजनकाटा, मग फरशीच्या मैदानावर कापसाच्या पांढऱ्या गंज्या, त्यामागे पत्र्याचं उंच शेड. शेडमध्ये सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते आणि शेवटी १७० किलोच्या गाठी बांधून बाहेर येतात. म्हणजे जागेला एक दिशा आहे, मालाची वाट हीच लेव्हलची वाट. गंज्यांमधे मोकळी जागा सोडतात ती आगीच्या भीतीनं, आणि वाळूनं भरलेल्या लाल बादल्या टांगतात त्याही त्यासाठीच. प्रत्येक फोटोखाली असं एक 'का' लिहून ठेवा. 'का' माहीत असला की लाल बादली कुठे ठेवायची हे तुम्हाला आपोआप सुचतं. नसला तर ती नुसती सजावट होते, आणि प्लेअरला ते जाणवतं.

फोटो काढताना फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा, कारण प्लेअरचा कॅमेरा तिथेच असतो. वाइड लेन्स टाळा, त्यात खोली असते त्यापेक्षा मोठी वाटते. दर जागेच्या एका तरी फोटोत माणूस उभा करा. टेप असेल तर दाराची उंची, पायरीची उंची, वाटेची रुंदी मोजून लिहा. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे १ सेंटीमीटर, युनिटी आणि गोडोमध्ये १ मीटर, त्यामुळे हे आकडे थेट वापरता येतात.

जिथे जाता येत नाही तिथलं बघायला यूट्यूब सगळ्यात चांगलं. कोणीतरी फोन हातात धरून, बोलत बोलत गड चढतोय असे व्हिडिओ शोधा आणि प्रत्येक वळणावर थांबवून स्क्रीनशॉट घ्या. विकिमीडिया कॉमन्सवर जागेच्या नावानं शोधा, तिथे फोटोचं लायसन्सही लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा फोटो बघून शिकायला हरकत नाही, पण तो कापून टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-जमिनीवर चढवायचं चित्र, करायचं असेल तर लायसन्स वाचाच. टेक्स्चरसाठी पॉली हेवन ही साइट आहे, तिथलं सगळं मुक्त वापरासाठी आहे. आर्टस्टेशन या चित्रकारांच्या साइटवरची चित्रं बघा, पण त्यांवरच अवलंबून राहू नका, तो दुसऱ्याच्या नजरेतून गाळून आलेला माल आहे. एआयनं बनवलेल्या चित्रांपासून मी लांबच राहते. त्यांत पायऱ्या भिंतीत जाऊन संपतात, आणि आपल्याला तर पायऱ्या कुठे जातात हेच बघायचं आहे.

जमवलेलं सगळं प्युअररेफ या रेफरन्स फोटो मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर लावा: मधे तुमचा पेन्सिलचा नकाशा, आणि त्यावरच्या जागेप्रमाणे भोवती फोटो. मग ग्रेबॉक्स करा, नुसत्या करड्या ठोकळ्यांचा. टेक्स्चर लावायच्या आधी गेममधला कॅमेरा तुमच्या मालिकेतल्या पहिल्या फोटोच्या जागी ठेवा, स्क्रीनशॉट घ्या आणि दोन्ही शेजारी लावून बघा. आभाळ तेवढंच दिसतं का, दार तेवढंच दूर वाटतं का? नसेल तर ठोकळे हलवा, आणि मग दुसऱ्या फोटोकडे जा.