कर्नाळ्याच्या वाटांवर पक्षी बघायचे तर

कर्नाळ्याला येणारे बरेच जण थेट किल्ल्याच्या सुळक्याकडे सुटतात आणि खाली उतरल्यावर "पक्षी काही दिसले नाहीत" म्हणतात. दिसणार कसे? इथलं जंगल दाट आणि पक्षी पानांआड. इथे जितकं कमी चालाल तितकं जास्त दिसतं.

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून साधारण १२ किमीवर, मुंबई–गोवा महामार्गाला लागूनच आहे. पेणकडे जाणाऱ्या एसटीत चढताना गाडी तिथे थांबते का, ते कंडक्टरला विचारून घ्या. शक्यतो शनिवार-रविवार टाळा आणि फाटक उघडायच्या वेळीच पोहोचा. फाटकावर प्लॅस्टिकची तपासणी होते, म्हणून पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या न्या. माणशी दोन लिटर पाणी हवंच, कारण सावली असली तरी दमटपणा घाम काढतो.

पहिला तासभर हरियाल वाटेला द्या. ती छोटी आणि सोपी आहे. मोरटाका वाट लांब आहे, ती नंतर घ्या. वीस-पंचवीस पावलं चालायचं आणि पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, एवढाच नेम पाळा. पावसाळा सरला की इथे मिश्र थवे फिरतात. बराच वेळ जंगल सुनं असतं आणि मग एकाच झाडावर निखार, वटवटे, सुतार, नर्तक सगळे एकदम उतरतात. थव्याच्या मागे धावलात तर पाचोळा वाजतो आणि पक्षी वर सरकतात. थवा कुठल्या दिशेने सरकतोय ते हेरून जागीच थांबा. थव्यासोबत बऱ्याचदा भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब तारा असलेला काळा पक्षी, असतो. तो इतरांच्या हुबेहूब नकला करतो, म्हणून नुसत्या आवाजावरून वहीत नाव लिहू नका.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिमीची, बरी. १०×५० जड पडते, हात हलतो आणि दाट फांद्यांत पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. निघण्यापूर्वी ती डोळ्यांना जुळवून घ्या: उजवी काच झाकून मधल्या चाकाने एखादं पान स्पष्ट करा, मग डावी झाकून तेच पान उजव्या डोळ्याजवळच्या कडीने स्पष्ट करा. नंतर कडीला हात लावायचा नाही. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणा. नवशिके मान खाली घालून दुर्बीण शोधतात आणि तेवढ्यात पक्षी गमावतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा किंवा काटेसावर सापडली तर पुढे जाऊच नका, फुलांतल्या मधासाठी पक्षी तिथेच येतात. एप्रिल-मेमध्ये ओढ्यात उरलेल्या डबक्यापासून पंधरा-वीस पावलांवर झाडाला टेकून बसा. पाणी प्यायला पाचू कवडा येतो, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकही. पावसाळ्यात ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा शीळकरी कस्तुर गातो. तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी, याच दिवसांत ओढ्याच्या मातीच्या कडेत बीळ कोरून घरटं करतो. बिळासमोर ठाण मांडलं तर चोचीत घास घेतलेली जोडी आत शिरत नाही आणि पिल्लं उपाशी राहतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हाही तसलाच उपद्व्याप.

कपडे मातकट किंवा हिरवे, पूर्ण बाह्यांचे घाला. पांढरा शर्ट झाडीत लांबून उठून दिसतो. अत्तर नको. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहळं असतात, तिथे धूर आणि आरडाओरडाही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून भराभर खाली उतरा.