फ्लशिंग की व्लिसिंगन? कागदावरचं डच गाव असं ओळखा

बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात एकोणीस वर्षं मी शिपिंगचे कागद बनवतेय. एकदा एका पार्टीच्या एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) बंदर होतं फ्लशिंग, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, छापून आलं व्लिसिंगन. बँकेने कागद अडवले, पार्टीचे पैसे अकरा दिवस लटकले. बंदर एकच! डच लोकांचं व्लिसिंगन इंग्रजीत फ्लशिंग झालं, जसं आपलं शीव सायन झालं.

म्हणून आधी बंदराचा कोड बघा. व्लिसिंगन एनएलव्हीएलआय, अँटवर्प बीईएएनआर. पहिली दोन अक्षरं देशाची. हे महत्त्वाचं, कारण न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्येही एक फ्लशिंग आहे, याच गावावरून नाव पडलेलं. मग एलसीतलं नाव अक्षर न अक्षर बिल ऑफ लेडिंगच्या ड्राफ्टशी ताडून बघा. शिपिंग लाइन (जहाज कंपनी) दुसरंच नाव धरून बसली, तर दोन्ही छापून घ्या, पण ड्राफ्ट पास करायच्या आधी. ओरिजिनल निघाल्यावर दुरुस्तीला पैसेही जातात आणि दिवसही.

हेगचं डच नाव डेन हाख, पण जुन्या पद्धतीच्या पत्त्यात स्ग्रावनहाखे येतं. स्पेलिंग अपॉस्ट्रॉफीने सुरू होतं, त्यामुळे सिस्टीममध्ये शोधलं तर बऱ्याचदा सापडत नाही. तो सुरुवातीचा एस म्हणजे आपला ‘चा-ची-चे’: काउंटचं कुंपण. स्हेर्टोखनबॉस म्हणजे ड्यूकचं रान. बोलताना सगळे डेन बॉस म्हणतात.

बेल्जियममध्ये जास्त सांभाळा. उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच, आणि इंग्रजीने डच गावांचीही बरीच नावं फ्रेंचमधून उचलली. ब्रुखचं ब्रूज, इपरचं ईप्र. इपरचं पहिलं अक्षर कॅपिटल आय आहे. आमच्याकडे नवीन मुलं हमखास एल टाइप करतात. उलट, फ्रेंच भागातल्या लिएजला डचमध्ये लाउक म्हणतात आणि मॉन्सला बर्गन. बर्गन नॉर्वेतही आहे, तेव्हा देश तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात घोळ रैसलचा. हे फ्रान्समधलं लील. बेल्जियमच्या पार्टीने पत्त्यात रैसल लिहिलं, की गाव बेल्जियमचंच वाटतं. अशा वेळी पिनकोड मोजा: बेल्जियमचा 4 आकडी, फ्रान्सचा 5 आकडी, नेदरलँड्सचा 4 आकडे आणि पुढे दोन अक्षरं.